मोटारीचा भोंगा आणि जादा दिवे



खेड्यात आता दारापुढे मोटार उभी दिसली तर कोणी थांबून पाहत नाही. कोणाची जुनी जीप असते, कोणाची भाजी वाहणारी पिकअप, तर कोणाची कर्ज काढून घेतलेली लहानशी मोटार. मोटार आली की तिच्यामागोमाग चोराची भीती येते आणि भीती आली की अलार्म येतो. किल्लीच्या जुडग्यात बटणांची एक डबी असते. बटण दाबले की दारे बंद होतात, बाजूचे दिवे एकदा मिचकावतात, आणि त्यानंतर कोणी गाडीला धक्का दिला की भोंगा सारी आळी जागी करतो. इथवर ठीक आहे. पण माणसाचे मन एवढ्यावर भरत नाही. त्याला वाटते, नुसते मिचकावून काय उपयोग? रात्री बटण दाबल्यावर गाडीखाली लख्ख उजेड पडावा, चिखल दिसावा, विंचूकिरडू दिसावे. मलाही तसेच वाटले. म्हणून ह्या अलार्मला जादा दिवे कसे जोडावेत आणि कसे जोडू नयेत, एवढाच आजचा विषय घेतला आहे.

आरंभीच सांगतो, मी वायरमन नव्हे. महाविद्यालयात गणित शिकवतो. माझ्या एम. ए.च्या पदवीचा बॉनेटखाली काही उपयोग नाही, असे आमचे मिस्त्री तोंडावर म्हणतात आणि ते खरेही आहे. तरीही बोलायला बसलो, कारण ह्या बाबतीत मी एक चूक केली आणि तिचा हिशेब मला मागाहून मांडावा लागला.

आमचे गाव भाताच्या मुलुखातले. पावसाळ्यात गाडी पडवीशेजारी उभी करतो आणि वरून थेट जमिनीपर्यंत ताडपत्री ओढतो. त्या वर्षी जूनमध्ये मी तालुक्याच्या गावी गाडीला अलार्म बसवून घेतला. अलार्मच्या पेटीतून एक जादा वायर मोकळी निघालेली होती. बटण दाबले की अर्धा मिनिट ती चालू राहते, असे कळले. मी म्हटले, "मग हिच्यावरच गाडीखाली दोन बल्ब लावून टाका." बसवणारा मुलगा शहाणा होता. तो म्हणाला, "सर, मधे रिले टाकावा लागेल. वरचे दीडशे-दोनशे होतील." मी म्हणालो, "राहू दे रे, दोनच तर बल्ब आहेत." मुलाने मान डोलावली आणि दोन बल्ब सरळ त्या वायरला जोडून दिले. बल्ब २१ वॉटचे, ब्रेकच्या दिव्यात असतात तसे. पहिले तीन आठवडे मोठी मौज वाटली. पाहुणे आले की मी मुद्दाम बटण दाबून दाखवीत असे.

जुलैतल्या एका शनिवारी दुपारी कॉलेजातून आलो, गाडी बंद केली, ताडपत्री ओढली. रविवारी दिवसभर पाऊस होता, बाहेर पडलो नाही. रात्री आठच्या सुमारास शेजारच्या वहिनी भिजत धावत आल्या. "सर, गाडी काढा लवकर! तात्यांना बांधावर पान लागलं!" आपल्याकडे साप चावला असे म्हणत नाहीत, पान लागले म्हणतात. मी किल्ली घेऊन पळालो, ताडपत्री ओढून काढली, बटण दाबले. काही नाही. किल्लीने दार उघडले, चावी फिरवली. एक बारीक टक् असा आवाज आला आणि सगळे शांत. चौघांनी मिळून ढकलून पाहिली. पण हल्लीच्या इंजिनाला पेट्रोल सोडायलाही वीज लागते. बॅटरीत जीवच नसेल तर ढकलण्याने भागत नाही. शेवटी खालच्या वाडीतून पिकअप मागवावी लागली. ती येऊन तात्या तिच्यात बसेपर्यंत चाळीस मिनिटे गेली होती. तात्यांना वेळेवर लस मिळाली, ते बरे झाले. पाय मात्र महिनाभर सुजलेला होता. ती चाळीस मिनिटे मी अंगणात कशी काढली ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री आले. त्यांनी दुसरी बॅटरी आणून जोडली, आणि कोणी कशालाही हात न लावता गाडीखालचे दोन्ही दिवे लागले! अलार्म बंद, चावी माझ्या खिशात, आणि दिवे चालू. मिस्त्रींनी अलार्मची पेटी उघडून दाखवली. आत नखाएवढा रिले होता आणि त्याची दोन टोके एकमेकांना वितळून चिकटली होती. म्हणजे शनिवारी दुपारी मी बटण दाबले तेव्हा लागलेले दिवे विझलेच नव्हते. दिवसाउजेडी ते दिसले नाहीत, आणि रात्री दिसले असते तर वर ताडपत्री.

आता हिशेब पाहा. दिव्याच्या वॉटला गाडीच्या व्होल्टने भागले की अँपिअर निघतात. दोन बल्बांचे मिळून ४२ वॉट. गाडीची बॅटरी १२ व्होल्टची. ४२ भागिले १२, म्हणजे साडेतीन अँपिअर. माझी बॅटरी ३५ अँपिअर-तासांची होती, म्हणजे एक अँपिअर घेतला तर ३५ तास, साडेतीन घेतले तर १० तास. शनिवारी दुपारी दोन वाजता लागलेले दिवे मध्यरात्रीपर्यंत बॅटरी पिऊन मोकळे झाले होते. तात्यांना पान लागले तेव्हा ती वीस तास मेलेली होती. सातवीतल्या मुलाला येणारा हा भागाकार मी जूनमध्येच करायला हवा होता.

तुम्ही म्हणाल, साडेतीन अँपिअर म्हणजे काही फार नव्हे, तेवढ्याने रिले का चिकटावा? त्याचे कारण मोठे मजेचे आहे. तारेच्या बल्बमधली तार थंड असते तेव्हा तिचा विरोध अगदी कमी असतो. तापल्यावर तो दहा-पंधरा पट वाढतो. म्हणून दिवा लागण्याच्या पहिल्या क्षणी, डोळ्याची पापणी लवण्याच्याही आत, नेहमीच्या दहापट प्रवाह धावतो. माझ्या साडेतीनचे त्या क्षणी तीस-पस्तीस होत होते. तेवढ्यात रिलेच्या टोकांवर ठिणगी पडते. रोज चार वेळा, तीन आठवडे, अशी ठिणगी खात ती नखाएवढी टोके शेवटी सांधली गेली.

ह्यावर उपाय तो मुलगा सांगत होता तोच. अलार्मने नुसता हुकूम द्यावा, ओझे दुसऱ्याने वाहावे. कालव्याचे पाणी सोडायचे असते तेव्हा अधिकारी स्वतः दार उचलीत नाही. तो चिठ्ठी देतो आणि पाटकरी दार उचलतो. रिले हा आपला पाटकरी. त्याच्या पोटात बारीक तारेचे एक वेटोळे असते. त्यातून जरासा प्रवाह गेला की त्याचे लोहचुंबक बनते आणि ते लोखंडाची एक पट्टी ओढून घेते. ती पट्टी दुसऱ्याच, जाड वायरीच्या रस्त्याचे दार मिटवते. वेटोळ्याला लागतात एक-दोन दशांश अँपिअर, आणि त्याच्या हुकमाने तीस अँपिअर सोडता येतात. वीज आणि चुंबक ह्यांचे नाते डेन्मार्कच्या ओर्स्टेडने १८२० साली दाखवले, आणि १८३५ च्या सुमारास अमेरिकेत जोसेफ हेन्रीने एका मंडलातल्या चुंबकाकडून दुसरे मंडल चालवून घेतले. पुढे तारायंत्रात हीच युक्ती कामाला आली. दूरवरून थकून आलेला संदेश रिलेपाशी पोचायचा आणि तिथून ताज्या बॅटरीच्या जोरावर पुढे जायचा. डाकेच्या वाटेवर चौकीचौकीला ताजा घोडा मिळे, त्या रिवाजावरूनच हे नाव पडले आहे.

शिक्षक मंडळी ऐकत असतील तर त्यांच्यासाठी एक गोष्ट मधेच सांगतो. हा प्रयोग वर्गात पाच मिनिटांत होतो. बोटभर लांबीचा लोखंडी खिळा घ्यावा, त्यावर जळक्या मोटारीतून निघालेल्या एनॅमलच्या तारेचे शंभर-दीडशे वेढे द्यावेत. तारेची टोके घासून तो एका सेलला जोडावा. समोर डब्याच्या पत्र्याची पट्टी अशी बसवावी की खिळ्याने ओढल्यावर तिचे टोक एका तारेला टेकेल. त्या पट्टीत आणि तारेत दुसरा सेल आणि टॉर्चचा बल्ब. पहिला सेल जोडला की दुसऱ्याचा बल्ब लागतो. दोन्हींमध्ये तारेचा संबंध नाही, हे मुलांना उमगते तेव्हा त्यांचे चेहरे पाहण्यासारखे होतात. पत्रा ॲल्युमिनियमचा नसावा, एवढे पाहावे. माझी एकदा त्यावरून फजिती झाली आहे.

आता जोडणी सांगतो. वही घेऊन बसला असाल तर उत्तम. मोटारीच्या नेहमीच्या रिलेला चार पाय असतात आणि प्रत्येकाजवळ आकडा छापलेला असतो : ३०, ८७, ८५ आणि ८६. ह्यांपैकी ३० आणि ८७ हा जाड प्रवाहाचा रस्ता. ८५ आणि ८६ ही वेटोळ्याची दोन टोके. बॅटरीच्या अधिक टोकापासून वायर निघाली की वीतभर अंतराच्या आत फ्यूज बसवावा आणि मग ती वायर ३० ला न्यावी. ८७ पासून दिव्यांकडे. दिव्यांची दुसरी वायर गाडीच्या पत्र्याला, रंग खरवडून, बोल्टखाली घट्ट. गाडीचा सांगाडाच बॅटरीच्या उणे टोकाला जोडलेला असतो, म्हणून परतीची वायर लागत नाही.

राहिली वेटोळ्याची टोके. इथे अलार्मसोबत आलेला कागद वाचलाच पाहिजे. पुष्कळ अलार्मांची जादा वायर चालू झाल्यावर अधिक देत नाही, उणे देते. म्हणजे आपल्यापुरती पत्र्याला जोडली जाते, आणि तीही बहुधा अर्ध्या अँपिअरच्या आतच सोसते. तशी असेल तर ८६ ला फ्यूजनंतरची अधिक वायर द्यावी आणि ८५ ला अलार्मची. बाजूचे दिवे मिचकावणारी वायर बहुधा अधिक देणारी असते. तिच्यावर घ्यायचे असेल तर ८६ ला ती आणि ८५ पत्र्याला. मात्र भोंगा वाजत असताना ती वायर सारखी चालू-बंद होते, आणि तिच्याबरोबर आपला रिलेही टकटक करीत राहतो. मोठे दिवे असे मिचकावीत ठेवू नयेत, त्यांचेही आयुष्य जाते आणि रिलेचेही.

फ्यूजविषयी एक गैरसमज घरोघर आहे. फ्यूज दिव्याला वाचवतो असे लोक समजतात. फ्यूज वाचवतो वायरीला. गाडी सुरू करताना स्टार्टर शंभर-दीडशे अँपिअर ओढतो, म्हणजे बॅटरीच्या अंगी केवढे बळ असते ते पाहा. वायरीचे आवरण कुठे पत्र्याच्या कडेवर घासले आणि तांबे उघडे पडले, की ते सारे बळ त्या वायरीतून धावते. ती लाल होते, आवरण पेट घेते, आणि पुढे सगळी गाडी. फ्यूज दिव्यापाशी बसवला तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर उघड्यावर पडली, राखणदार नाही. म्हणून फ्यूज बॅटरीपाशीच हवा. गाडीच्या पात्यांच्या फ्यूजला रंग ठरलेले आहेत : साडेसात अँपिअरचा तपकिरी, १० चा लाल, १५ चा निळा, २० चा पिवळा. माझ्या साडेतीन अँपिअरच्या दिव्यांना तपकिरी पुरे झाला. सारखा उडतो म्हणून त्याजागी पिवळा घालणे किंवा चांदीचा कागद गुंडाळणे, ह्याला मी दुरुस्ती म्हणत नाही. फ्यूज उडतो तेव्हा तो काही सांगत असतो.

वायरीच्या जाडीचेही गणितच आहे. समजा तुम्ही ५५ वॉटचे दोन दिवे लावले. ११० भागिले १२, सव्वानऊ अँपिअरच्या आत. वायर चार मीटर लांब आणि अर्ध्या चौरस मिलिमीटरची घेतली, तर तिच्यातच सव्वा व्होल्ट खर्च होतात आणि १२ वॉट उष्णता वायरीत मुरते. म्हणजे दिवा मंद आणि वायर गरम. तीच वायर अडीच चौरस मिलिमीटरची घ्या, उष्णता अडीच वॉटच्या आत येते. दुकानात "जाड वायर द्या" असे म्हणू नये, आकडा सांगून मागावी. नुसते आवरण जाड असलेली वायरही बाजारात जाडच दिसते.

आणखी दोन उपद्रव. रिलेचे वेटोळे बंद होते त्या क्षणी त्यातून विजेचा उलटा झटका उसळतो, तो शंभर व्होल्टच्याही वर जाऊ शकतो. त्याने अलार्ममधला नाजूक भाग मरतो. त्यासाठी ८५ आणि ८६ ह्यांच्यामध्ये एक डायोड टाकतात. डायोड म्हणजे काय? विहिरीवरच्या पंपाला तळाशी फूटव्हॉल्व्ह असतो, पाणी वर जाऊ देतो, खाली येऊ देत नाही. विजेच्या बाबतीत डायोड तेच करतो. त्याच्या अंगावर एका टोकाला पट्टा असतो. पट्ट्याचे टोक अधिक बाजूकडे, म्हणजे ८६ कडे ठेवावे. उलटा बसवला तर तो जळेल किंवा अलार्मचे टोक जाळील. काही रिले आतच डायोड घालून येतात. तशा रिलेला अधिक-उणे उलटे चालत नाही.

दुसरा उपद्रव चोरवाटेचा. पुष्कळांना हेच दिवे दार उघडल्यावरही लागावेत असे वाटते. मग ते दाराच्या स्विचची वायर आणि अलार्मची वायर एकत्र पिळून रिलेला देतात. परिणाम असा की अलार्मने दिवे लावले की गाडीला वाटते दार उघडले, आणि अलार्म स्वतःच्याच दिव्यांना चोर समजून बोंबलतो. आमच्या एका सहकाऱ्यांच्या गाडीने एका लग्नात मंगलाष्टकांच्या वेळी असा गोंधळ घातला. दोन्ही वायरींवर एकेक डायोड घातला की दोघांच्या वाटा वेगळ्या राहतात. दोन्ही वायरी उणे देणाऱ्या असतील तर पट्ट्याचे टोक अलार्मकडे आणि स्विचकडे राहील, हे ध्यानात ठेवावे.

मग एल. ई. डी. दिवे लावले तर ही सारी कटकट वाचेल का? अर्धीअधिक वाचते, हे कबूल. २१ वॉटच्या जागी तीन वॉटच्या दिव्याने पायाखाली पुरेसा उजेड पडतो, आणि दोन दिवे मिळून अर्धा अँपिअरच घेतात. मीही आता तेच लावले आहेत. पण वायर घासायची ती घासतेच. म्हणून फ्यूज ठेवला आहे आणि रिलेही ठेवला आहे.

नव्या गाड्यांत मात्र हात घालताना जपावे. त्यांच्यात दिवे, दारे, कुलपे ही सारी एका छोट्या संगणकाच्या ताब्यात असतात. त्याच्या वायरी मधेच सोलून काही जोडले तर तो रुसतो, आणि गाडी अजून हमीत असेल तर कंपनीही रुसते. पिवळ्या आवरणातल्या वायरी दिसल्या तर त्यांना हातच लावू नये. त्या बहुधा फुग्यांच्या म्हणजे एअरबॅगच्या असतात. कायद्याचेही एक कलम माहीत असावे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ अन्वये गाडीच्या पुढल्या अंगाला झोताचा दिवा नोंदणी अधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून लावता येत नाही. आपले दिवे पायाखाली पाहण्यापुरतेच ठेवावेत. आणि ज्यांची गाडी भाताच्या कणगीशेजारी उभी असते त्यांनी वायरी नळीत घालाव्यात. उंदराला आवरणाची चव फार आवडते.

सगळे जोडून झाले तरी एक परीक्षा उरते, आणि तीच लोक चुकवतात. दीड-दोनशे रुपयांचा मीटर घ्यावा, तो दहा अँपिअरच्या खुंटीवर लावावा. गाडी बंद करून, दारे मिटून, बॅटरीचे उणे टोक सोडावे आणि मीटर त्याच्या मधे जोडावा. अर्धा तास थांबावे, कारण गाडीतला संगणक झोपायला तेवढा वेळ घेतो. ह्या वेळात चावी फिरवू नये, नाहीतर मीटरच निकामी होऊ शकतो. मग आकडा वाचावा. अलार्म जागाच असतो, त्यामुळे शून्य कधीच येणार नाही. पण ०.०५ अँपिअरच्या आत यायला हवे. तेवढ्याने दिवसाला सव्वा अँपिअर-तास जातो, आणि पस्तीसची बॅटरी निम्मी व्हायला दोन आठवडे लागतात. ह्याहून जास्त दिसले तर एकेक फ्यूज काढून पाहावा. कोणता काढल्यावर आकडा उतरतो, तिथे चोर आहे.

आमची गाडी आता ०.०३ दाखवते. ते मी कागदावर लिहून तारखेसह दाराच्या आत चिकटवले आहे. रिले कोणत्या कोपऱ्यात आहे आणि फ्यूज किती अँपिअरचा, हेही त्याच कागदावर आहे, कारण एखाद्या रात्री गाडी काढणारा मीच असेन असे नाही. दोन तपकिरी फ्यूज त्याच कागदाखाली टेपने चिकटवलेले आहेत. ताडपत्री ओढण्यापूर्वी मी अर्धा मिनिट थांबतो आणि वाकून गाडीखाली पाहतो. तात्या ओसरीवरून विचारतात, "काय सर, विझले का?" विझलेले पाहिले की मी त्यांना हात करतो आणि ताडपत्री ओढतो.